भात बंद, तूप बंद, अंडं बंद: हा सल्ला नेमका कुणाच्या ताटासाठी लिहिलाय?

मार्कंडेयकाठ

आपल्या कर्नाटकातल्या बेळगाव भागात कुणाला शुगर किंवा बीपी निघालं की दवाखान्यातून एकच यादी हातात पडते. भात बंद, तूप बंद, अंड्यातलं पिवळं बंद, शेंगदाणे बंद, खोबरं बंद. खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला हीच आणि अथणी-सौंदत्तीच्या माणसालाही हीच. तिकडं पावसाच्या पट्ट्यात दोन्ही वेळा भात आणि आमटी, इकडं काळ्या मातीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी. एकाच जिल्ह्यात दोन ताटं, आणि यादी तिसऱ्याच कुठल्या ताटाची. म्हणून ती आली कुठून हे जमेल तसं वाचून काढलं. इथं मांडतो, तपासून बघा.

1958 साली अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं सात देशांचा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, तेव्हाचा युगोस्लाव्हिया आणि जपान. 40 ते 59 वयाचे साडेबारा हजारांवर पुरुष. एक बाई नाही आणि भारत तर नाहीच. लोणी, मांस जास्त खाणाऱ्या गटांत हृदयविकार जास्त दिसला. पुढं 1961 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं संपृक्त चरबी (तूप, लोणी, मांसातली) कमी करा असं सांगितलं आणि 1980 मध्ये अमेरिकी सरकारची पहिली आहार मार्गदर्शिका आली. दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल खाऊ नका ही मर्यादा त्याच काळातली. एका अंड्यात जवळपास दोनशे, म्हणून पिवळं फेकायची पद्धत पडली. ती मर्यादा अमेरिकेनं स्वतःच 2015 च्या मार्गदर्शिकेत काढून टाकली. आमच्या गल्लीत पिवळं अजून फेकतात.

दुसरी गोष्ट साखरेची. आपला जिल्हा उसावर उभा आहे, निजलिंगप्पा साखर संस्था आपल्याच गावात आहे, म्हणून ही मुद्दाम सांगतो. 1967 मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आला. हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडणारा, साखरेला बाजूला ठेवणारा. त्यासाठी शुगर रिसर्च फाउंडेशननं पैसे दिले होते हे जुन्या पत्रव्यवहारातून 2016 मध्ये उघड झालं. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत "चरबी वाईट" हे वाक्य जगभर जाऊन बसलं.

तिसरी, डालडा. 1937 पासून आपल्या देशात तुपाच्या जागी वनस्पती तूप विकलं गेलं. लग्नकार्यातले लाडू, बेकरीची खारी, नानकटाई, सगळं त्यातच. त्यातली ट्रान्स चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते हे 1990 मध्ये डच संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडं 2 टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी 2022 मध्ये. बत्तीस वर्षं. इतकी वर्षं आजी लोण्याचं तूप कढवते म्हणून तिला अडाणी म्हटलं गेलं.

म्हणून "मोठ्या लोकांनी सांगितलंय" एवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नसेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. संशयाला कारण आहे.

पण माझा मुद्दा इथं संपत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये भारतीयांसाठी 17 मार्गदर्शक सूचना काढल्या. तो कागद वाचला तर त्यात काय आहे? एकूण ऊर्जेतला धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या आसपास ठेवा, डाळी, भाज्या, दूध वाढवा, साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, मीठ 5 ग्रॅमच्या आत. प्रोटीनच्या पावडरी टाळा. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. यातलं किती आपल्याला कुणी सांगितलं? चहाचं तर मी एकाही दवाखान्यात ऐकलेलं नाही, आणि आपल्याकडं जेवण झालं की चुलीवर चहा ठेवतातच.

कागद सुधारला, हातात पडणारी यादी सुधारली नाही. माझा राग या मधल्या जागेवर आहे. तुम्हाला मिळालेल्या याद्या इथं लिहा.

अथणी_काळी_माती

दादा, तुम्ही अजून मवाळ लिहिलंय. नुसत्या यादीचं काय घेऊन बसलाय, आजाराची व्याख्याच बदलतात ही माणसं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिस असोसिएशननं उपाशीपोटीच्या शुगरची मर्यादा 140 वरून 126 वर आणली. 2017 मध्ये तिथल्याच हृदयरोगवाल्यांनी बीपीची व्याख्या 140/90 वरून 130/80 केली. रात्री झोपताना धडधाकट असलेला माणूस सकाळी रुग्ण झाला. फायदा कुणाचा? आमच्या वाडवडिलांनी ज्वारीची कडक भाकरी, कांदा, कारळ्याची चटणी आणि ताक यावर शेतं कसली. ज्वारीवर परत या, निम्मे दवाखाने बंद पडतील.

औषधाचं_दुकान

अथणीवाले भाऊ, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण अर्धीच गोष्ट सांगताय. 126 हा आकडा हवेतून आलेला नाही. त्या पातळीच्या आसपास डोळ्याच्या पडद्याचा आजार वाढायला लागतो असं अभ्यासांत दिसलं, म्हणून रेषा खाली आली. आणि 130/80 ही व्याख्या अमेरिकेची, आपल्याकडं बहुतेक डॉक्टर निदानाला अजून 140/90 च धरतात.

मी काउंटरवर उभा असतो, मला वेगळंच दिसतं. मोबाईलवर रील बघून माणूस येतो, म्हणतो "गोळी बंद केली, मेथीचं पाणी चालू केलंय." महिन्या-दोन महिन्यांनी त्याच घरातलं कुणीतरी पायाच्या जखमेचं मलम न्यायला येतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर सगळ्यात जास्त संशय, ठीक आहे. पण स्कँडिनेव्हियात 4,444 हृदयरुग्णांवर चाचणी झाली, पाचेक वर्षं चालली, 1994 मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. अटॅक येऊन गेलेल्या माणसानं ती गोळी रील बघून सोडू नये. अटॅक न आलेल्यानं घ्यावी का, यावर डॉक्टरांशी खुशाल वाद घाला, तिथं वादाला जागा आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दोन वेळा जेवायची पद्धत आपल्याकडं खूप लोक करतात. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवली, 55 मिनिटांत जेवण उरकायचं. ती चांगली की वाईट यात मी पडत नाही. पण ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डोस न बदलता जेवण सोडलं की शुगर 70 च्या खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. शेतात एकटा असताना असं झालं तर? आधी डॉक्टरला सांगा, डोस बदलून घ्या, मग जेवणाची वेळ बदला. आणि टाईप 1 मधुमेह असलेल्या पोराचं इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. त्याला पर्याय नाही, काही दिवसांत जीव जातो.

शहापूरची_सून

मार्कंडेयकाठ दादा, मधली जागा म्हणालात ना, ती जागा म्हणजे भाषा आहे हो. आरोग्य केंद्रातले तक्ते कन्नडमध्ये. मला वाचता येतं, शाळेत शिकले. सासूबाईंना येत नाही, त्यांच्या वयाच्या आमच्या गल्लीतल्या कुणालाच येत नाही. डॉक्टर बोलतात मराठीत, पण दोन मिनिटं. मग मराठीत सविस्तर सांगणारं कोण? पुण्याकडून, कोल्हापूरकडून आलेले व्हिडिओ. ते वीस-वीस मिनिटं बोलतात, आपुलकीनं बोलतात, "आईंनो" म्हणतात. विश्वास तिकडंच बसणार.

रेशनच्या तांदळाचं बघा. तांदळात मधेच वेगळे, जरा पिवळट, पाण्यावर तरंगणारे दाणे येतात. व्हिडिओ आला की "प्लास्टिकचा तांदूळ". आमच्या इथं बायका निवडून-निवडून ते दाणे कोंबड्यांना टाकायच्या. आशाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या काहीतरी व्हिटॅमिन आहे. काय आहे ते त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा मोठा आहे.

ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकारात काढतात आणि 100 किलोला 1 किलो या प्रमाणात मिसळतात. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी जाहीर केलं आणि 2024 पर्यंत ते सगळ्या सरकारी योजनांत आलं. प्लास्टिक अजिबात नाही.

पण विचारण्यासारखा खरा प्रश्न त्यात आहेच. अशा तांदळानं रक्तक्षय खरंच कमी होतो का? कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यानं उपलब्ध चाचण्या तपासून म्हटलं की रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी हा तांदूळ डॉक्टरांना विचारून खावा असं पाकिटावर छापायचा नियम होता, तो छोटा मजकूर किती घरांत वाचला गेला? हे प्रश्न ग्रामसभेत विचारले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं. प्लास्टिकच्या अफवेनं ते प्रश्नच गिळून टाकले. खोट्या संशयाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते यासाठी. सरकारला "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढं म्हणून सुटता येतं.

कुसबी

तेलावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं पिढ्यानपिढ्या कुसबीचं तेल, म्हणजे करडईचं. घाण्यावर काढून आणायचं, डब्यात ठेवायचं. मधे सूर्यफुलाचं पाकीट आलं आणि घाणे बंद पडले. आता दोन-तीन वर्षांपासून पोरं इंग्रजी पॉडकास्ट ऐकून सांगतात की बियांचं तेल म्हणजे विष, तूप आणि खोबरेल तेवढं खा.

त्यांचा पुरावा सिडनीचा. 1966 ते 1973 मध्ये तिथं हृदयविकार होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचं घट्ट तेल. 2013 मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली तर करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. मी ते वाचलं तेव्हा आमचंच तेल म्हणून काळजात चर्र झालं. पण नीट बघा, त्या माणसांना रोजच्या कॅलरीचे साधारण 15 टक्के अशा चरबीतून द्यायचं ठरलं होतं. आमच्या घरात पळीनं मोजून फोडणी. आणि मार्गारिन म्हणजे त्या काळी ट्रान्स चरबीची शंका आलीच. एवढ्यावरून आमच्या आजीचं तेल विष ठरवायचं? ज्यांनी "सगळी चरबी वाईट" म्हणून आपलं तूप काढून घेतलं आणि जे आता "सगळी बियांची तेलं वाईट" म्हणतायत, दोघांनीही आपलं ताट बघितलेलं नाही.

माझी खरी तक्रार पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाबद्दल आहे. बाजाराच्या दिवशी भज्यांच्या कढईतलं तेल काळं झालेलं असतं. जुलै 2018 पासून नियम आहे, तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल तापवून-तापवून खराब झालं की वाढणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही. तपासणारा माणूस मी आजवर बघितला नाही.

अनगोळ_जिम

प्रश्न विचारतो. माझे वडील बारीक, पोट थोडं पुढं, आयुष्यभर हमाली केली, तरी शुगर. डॉक्टर म्हणाले वजन तर ठीक आहे. मग झालं कसं?

औषधाचं_दुकान

वजनकाटा आपल्याला फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आयुष्यभराचं काम यावर आहे. हाडं-स्नायू बारीक आणि आत चरबी जास्त, अशी आपली ठेवण, आणि ती पोटातल्या बाळापासून दिसते. 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाची रेषा 25 नाही, 23. आणि टेप घेऊन कंबर मोजा, पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. वडिलांची मोजून बघ.

मार्कंडेयकाठ दादांचा "कुणाच्या ताटासाठी" हा प्रश्न इथं लागू पडतो. गोऱ्या माणसाच्या तक्त्यात तुझे वडील निरोगी दिसतात.

अथणी_काळी_माती

औषधवाले साहेब, गोळ्यांचं मान्य. मी कुणाला गोळी सोडा म्हटलेलं नाही. पण ज्वारीचं काय? तिच्यावर तरी बोट ठेवू नका.

मार्कंडेयकाठ

ठेवावं लागतंय भाऊ, रागावू नका. आयसीएमआर-इंडिअॅब म्हणून देशभरचा मोठा अभ्यास आहे. 2023 मध्ये त्यांनीच सांगितलं की देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आहे. 2025 च्या त्यांच्या अहवालात दोन गोष्टी आल्या. आपल्या कॅलरीतल्या सुमारे 62 टक्के पिष्टातून म्हणजे कार्बोहायड्रेटमधून येतात. आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य नुसतं बदली केलं, एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. डाळी, दूध, अंडी यांचं प्रथिन वाढवून पिष्ट कमी केलं तिथं फरक दिसला.

म्हणजे चार भाकऱ्यांच्या जागी दोन आणि वाटीभर जास्त झुणका, मटकी. ज्वारी चांगलीच, तिच्यात तंतू आहेत, पण शेतात दिवसभर राबणाऱ्या आजोबांच्या चार भाकऱ्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या नातवाला पेलायच्या नाहीत. खानापूरवाल्यांनीही "भात बंद" ऐकून घाबरू नये. निम्मा भात, दुप्पट आमटी-उसळ.

चिकोडी_ऊसवाला

आम्ही ऊस पिकवतो, म्हणून साखरेवर बोललं की मनाला लागतं. पण खरं सांगतो, "साखर सोडा, गूळ खा" हे जे चाललंय ते मला पटत नाही. गुऱ्हाळ आमचंच होतं. उसाचा रस आटवला की गूळ, त्यात मुख्य भाग सुक्रोजच, साखरेत असतो तोच. थोडं लोह, थोडी खनिजं जास्त, बस. शुगर असलेल्या पाहुण्यांना लोक गुळाचा चहा देतात आणि ते निर्धास्त दोन कप घेतात. आमचा माल खपतो, पण त्या माणसाची शुगर वाढते.

शाळामास्तर_हुक्केरी

अंड्याबद्दल थोडं. शाळेत माध्यान्ह भोजनात अंडी सुरू झाली तेव्हा पालक विचारायचे, पोरांना उष्णता होईल का, कोलेस्टेरॉल होईल का. 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं राज्यात आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळतंय, न खाणाऱ्यांना केळं. आधी चिक्कीही मिळायची, ती 2025 मध्ये बंद झाली. पोरं पिवळ्यासकट खातात. घरी मात्र आजोबांच्या यादीमुळं त्यांनाही पांढरंच देतात असं एका पोरीनं सांगितलं. वाढत्या पोरांना म्हाताऱ्यांची यादी लावू नका, एवढी विनंती.

शहापूरची_सून

एक शेवटचं विचारू? माझी नणंद गरोदर आहे. कुणीतरी सांगितलं कारखान्याचं मीठ विष, सैंधव वापर. तिनं घरातलं सगळं मीठ बदललं. चालेल का?

औषधाचं_दुकान

नको ताई, आजच परत बदलायला सांगा. सैंधवात आयोडीन पुरेसं नसतं. गळ्याला गाठ येऊ नये म्हणून 1962 मध्ये देशात कार्यक्रम सुरू झाला, मिठात आयोडीन त्यातूनच आलं, आणि यात कुणाच्या कंपनीच्या पैशाचा घोळ नाही. गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते, कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मीठ कमी खावं, पण जे खाल ते आयोडीनचं. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं ते बघा, डब्यात झाकण लावून ठेवा, ओलाव्यानं आयोडीन कमी होतं. पुढच्या तपासणीला गेली की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) झालंय का तेही विचारा, नसेल तर तिथंच करून घ्या.